उस्तादाची शाळा

सुरतेत लिंबायत-उधन्याकडे फिरताना माझ्या कानावर गुजरातीपेक्षा अहिराणीच जास्त पडली. खानदेशातून आलेल्या या घरांतली पोरं लूमवर जातात, नाहीतर गॅरेजात. उस्तादानं ‘दहा-अकरा’ म्हटलं की पाना हातात ठेवायचा. इंजिनाला हात लावायला मिळतो तो नंतर कधीतरी. (आमच्या म्हापशातही हेच!) मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे आधी जळकी तार काढायची, वेढे मोजायचे. शिक्षण पक्कं, पण कागद नाही.

आयटीआयत दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून कारखान्यात उमेदवारी केली, की विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र. तरी १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याला कामगार मानत नाही. पुढं नोकरीवर घ्यायचं की नाही, याचं धोरण २०१४च्या दुरुस्तीनुसार मालकच ठरवतो.

“मग पोराला गॅरेजातून काढू का, भाऊ?” तिथल्या एका आईनं विचारलं. मी म्हटलं, काढू नका, पण दहावी तेवढी होऊ द्या.