खाऱ्या पाण्याचं बेट

पूर्णा नदी सातपुड्यातून निघते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांच्या जमिनीत खारं पाणी आहे, म्हणून हा खारपाणपट्टा. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव त्यातलंच. एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला नाला. दोन्हींना पूर आला की गावाचं बेट होतं. गेल्या भाद्रपदात अकोल्याहून मोठ्या मायला भेटायला गेलो आणि त्या बेटावर दोन दिवस अडकलो.

वाचकहो, खोटं वाटेल, पण आमच्या गावात दगड नाही. खणाल तितका नुसता गाळ. भिंती पांढऱ्या मातीच्या, पाटा-वरवंटा दर्यापूरच्या बाजारातला. शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला गेलो की आम्ही पोरं रुळांमधली खडी खिशात भरून आणायचो. वाड्यात तिला सोन्याचा भाव! 1994 मध्ये त्या गाडीचं वाफेचं इंजिन गेलं, पुढे गाडीही बंद पडली. विहाराच्या पायासाठी ट्रकभर दगड आला, तेव्हा म्हातारी माणसं तो हाताने चाचपून पाहत होती.

आणखी एक नवल म्हणजे हरभऱ्याची आंब. थंडीत रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरायचं, पहाटे दवाने भिजलेलं पिळून बाटलीत भरायचं. पोट दुखलं की तेच औषध.

पण पाणी! हातपंपाच्या पाण्यात साबणाला फेस नाही, तुरीची डाळ किती शिजवली तरी टणक. नाल्याकाठी गोड पाण्याचा एक झिरा होता, तो गावाचा. आमच्या वस्तीला खारी विहीर. 1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी प्राशन केलं. आमच्या बायांचा हंडा त्या झिऱ्यावर टेकायला त्यानंतरही पुष्कळ वर्षं गेली. आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं. पण घरोघर मुतखडा, कुणाच्या किडन्या गेलेल्या. लोक दोष जुन्या पाण्यालाच देतात. माझा चुलतभाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला जातो.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती, आणि नाल्याला कमरेएवढं पाणी. लाईट गेलेली, नळ कोरडा. भाऊ सकाळपासून ओट्यावर गप्प बसून होता. विहारात वर्षावासाचं वाचन चाललं होतं. ते आटोपताच पोरं नाल्यावर गेली आणि पाळीपाळीने काठी रोवून पाणी मोजू लागली.

मोठ्या मायने अंगणात चार खुंट्यांना धुतलेलं लुगडं बांधलं, मधोमध वजनाला आमची जुनी खडी टाकली, खाली गंज ठेवला. म्हणाली, "हे आभायातलं पानी हाये बापू. याच्यात वरन कसं शिजते, पाय."

डाळ बघता बघता मऊ झाली. भावाला पाणी मोजूनमापून घ्यावं लागतं; त्याने अर्धीच वाटी वरण घेतलं, पण बोटाने पुसून खाल्लं.

चारच्या सुमारास पोरांची काठी गुडघ्याएवढी भिजली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून त्याला नाल्यापार नेलं. रात्री उशिरा अकोल्याहून फोन आला. मशीन लागलं होतं. भावाने एवढंच विचारलं, "वरन उरलं का व माय?"

मोठ्या मायने झाकून ठेवलं होतं.