तबेल्यात एकटे असताना

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की आमच्या भागातील दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचे स्वरूप थोडे बदलते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या या यात्रेतील घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. विक्रीला न्यायची जनावरे फिरवताना, गाडीत चढवताना झालेल्या जखमा घेऊन माणसे येतात. कुणाचा अंगठा टापेखाली आलेला असतो, कुणाचा तळहात दोराने सोललेला असतो. ही मंडळी बहुधा तरुण असतात आणि त्यांच्यासोबत चार माणसे असतात; त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती उरलेल्या वर्षभरात पहाटे एकट्याने तबेल्यात शिरणाऱ्या सत्तरीच्या माणसाची. मुले सुरतेला किंवा नाशकाला कामाला, पत्नी असलीच तर गुडघ्यांनी जायबंदी, आणि दावणीला वरातीची एक घोडी. गायीम्हशींच्या गोठ्यातही चित्र वेगळे नसते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रुग्णाला त्यांच्या शेजाऱ्यांनी माझ्याकडे आणले. वय चौऱ्याहत्तर, सगळे गाव त्यांना आबा म्हणते. पहाटे पाचला बादली उचलण्यासाठी ते वाकले असताना छपराचा पत्रा वाऱ्याने वाजला, घोडी दचकून वळली आणि तिच्या पुठ्ठ्याचा धक्का लागून आबा पडले. खुब्याचे हाड मोडले. मोबाइल घरात चार्जिंगला होता. हाका मारून घसा बसला, पण शेजाऱ्यांचे घर दोन शेते पलीकडे. अकराच्या सुमारास घोडी सतत का खिंकाळते आहे हे पाहायला कुणीतरी आले, तेव्हा ते सापडले.

"तिने मारलं नाही हो, डॉक्टरसाहेब," हे त्यांचे पहिले वाक्य. "तिला मी दिसलोच नाही."

ते खरे होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला बहुतेक सर्व दिशांचे दिसते; मात्र थेट पाठीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये ही म्हण आपण साहेबाच्या संदर्भात हसण्यावारी नेतो, पण तिच्या मुळाशी जनावराची ही भीती आहे. न दिसणारी हालचाल त्याला शत्रूची वाटते.

तरीही आबांच्या बाबतीत मला हाडापेक्षा त्या सहा तासांनी अधिक घाबरवले. वृद्ध माणूस कठीण जमिनीवर एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिला की अंगाखाली दबलेले स्नायू नासू लागतात आणि त्यांतून सुटणारे द्रव्य मूत्रपिंडांवर भार टाकते. त्यात पोटात पाणी नाही. थंडीचे दिवस असतील तर शरीर गार पडते. आबांची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, पण मूत्रपिंडे सावरण्यासाठी जास्तीचे दिवस काढावे लागले. तासाभरात कुणी पोहोचले असते तर यातले बरेचसे टळले असते.

पुढे अपेक्षित तो प्रसंग आला. मुलगा सुरतेहून आला आणि माझ्यासमोर म्हणाला, "आता दोन्ही घोड्या येत्या यात्रेत काढून टाकू." आबा भिंतीकडे पाहत राहिले. मुलाची काळजी रास्त होती. पण पन्नास वर्षे ज्यांची सकाळ खराऱ्याने सुरू झाली, त्यांची सकाळच काढून घेतली की माणूस खाटेला लागतो, हेही मी पाहिलेले आहे. मी मुलाला सांगितले की एक घोडी विका, दुसरी राहू द्या. मात्र काही अटींवर.

पहिली अट वेळेची. अंधारात, उपाशीपोटी तबेल्यात जायचे नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारीआधी कामाला लागणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या औषधांनी, वाकून एकदम उभे राहताना घेरी येते. जनावराच्या पायांशी घेरी येणे परवडणारे नाही.

दुसरी अट पायांची. चपला घालून तबेल्यात जाणे मला मान्य नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला टाप पडल्याचे नीट कळतही नाही आणि चार दिवसांनी जखम चिघळते. जाड, बंद बूट हवेत.

जनावराशी वागण्याचे आबांना मी काय शिकवणार? त्यांनीच मला शिकवले. जवळ जाण्याआधी आवाज द्यायचा, खांद्याच्या बाजूने जायचे. मागून जाणे अटळ असेल तर अंगावर हात ठेवून अगदी खेटून जावे, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून. मधले अंतर सर्वांत घातक. दोर कधीही हाताला गुंडाळू नये, घोडी उधळली तर बोटे जातात. दावे बांधताना टोक ओढताच सुटेल अशीच गाठ मारावी. हे सर्व त्यांना ठाऊक होते. वयोमानाने हात मंदावतात आणि सवयीने मन बेसावध होते, एवढेच.

काही गोष्टी घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या वृद्धाच्या डोक्याला मार लागला, तर तो ठीक दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे; कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि कधी काही आठवड्यांनी माणूस असंबद्ध बोलू लागतो. पोटावर लाथ बसली असेल तर वेदना थांबल्या म्हणून निश्चिंत राहू नये. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून दर दहा वर्षांनी लसीची मात्रा हवी. पूर्वी लस झालीच नसेल तर पूर्ण क्रम घ्यावा. आणि जनावर लाळ गाळते आहे, गिळत नाही, म्हणून घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते. गाय, म्हैस, घोडा या सर्वांना रेबीज होतो. लाळेचा संपर्क झालाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी. पशुवैद्यकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, माणसासाठी १०८.

हे दोन्ही क्रमांक आता आबांच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात. तबेल्याच्या खुंटीवर नाही. पडलेल्या माणसाचा हात खुंटीपर्यंत पोहोचत नाही. रोज सकाळी आठला सून सुरतेहून फोन करते. दोनदा उचलला नाही तर ती शेजारच्या काकूंना कळवते आणि काकू कुणाला तरी पिटाळतात. या योजनेला आबांनी आधी नाके मुरडली. आपल्यावर पहारा बसवला, असे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या महिन्यात एकदा फोन दोनदा वाजूनही उचलला गेला नाही. काकू स्वतःच धावत गेल्या. आबा नालबंदाशी पैशांवरून तावातावाने भांडत होते आणि खिशातला फोन त्यांना ऐकूच आला नव्हता. काकूंनी आधी नालबंदाला गप्प केले, मग आबांच्या खिशातून फोन काढून सुनेशी बोलायला लावले. आता श्रवणयंत्रासाठी त्यांची तपासणी पुढल्या सोमवारी ठरली आहे.