निरंकाराची राई

पुरणातील जायफळ घरोघरी परिचित आहे. परंतु त्याच्याच कुळातील रानवृक्ष चिखलात उभे पाहावयाचे, तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बांबर येथे जावे. निरंकाराच्या राईत आम्ही मुलांसह शिरलो, तेव्हा पायांखाली पाणी व वर गर्द छाया होती. चिखलातून जागोजाग वाकलेल्या गुडघ्यांसारखी मुळे वर आली होती. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांस हवा मिळत नाही. म्हणून ती बाहेर येऊन श्वास घेतात. ह्या वृक्षांचे बीही नाजूक. ते वाळले की रुजत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या अशा कितीतरी दलदली भातशेतीपायी व पोफळीच्या बागांपायी नाहीशा झाल्या. येथे मात्र देवाची राई म्हणून कुऱ्हाड थांबली. सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील अशाच दलदलीस २०२१ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हे योग्यच झाले. तथापि पाणी सीमा पाहून वाहत नाही, ते वरच्या डोंगरांतून झिरपत येते. तो डोंगर उघडा पडला, तर एकही वृक्ष न तोडता राई सुकेल. राखावयाचे ते पाणी आधी, एवढेच आम्ही तेथून शिकून आलो.