मेकाँगचा नाग आणि गळ्यातले तावीज

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या काठी था फ्रा चान नावाचा धक्का आहे. त्याच्या लगतच्या गल्ल्यांत तावीजांचा बाजार भरतो. टेबलांवर बोटाच्या पेराएवढ्या मूर्ती, नाणी, लॉकेट, मंत्र कोरून गुंडाळलेले धातूचे पत्रे मांडलेले असतात आणि डोळ्याला घड्याळजीसारखे भिंग लावून माणसे एकेक नग न्याहाळत बसतात. दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे शिक्षक तिथे गेलो, तेव्हा पहिला धडा भाषेचाच मिळाला. इथे तावीज ‘विकत’ घेतला, असे म्हणत नाहीत. ‘भाड्याने’ घेतला म्हणतात. पवित्र वस्तूची किंमत कशी करायची, हा त्यामागचा विचार. पैसे मात्र मोजावे लागतातच.

या गर्दीत आमची नजर पुन्हा पुन्हा नागाकडे जात होती. नाग कोरलेल्या अंगठ्या, अनेक फण्यांची नाणी, ‘नागाचे रत्न’ म्हणून ठेवलेले रंगीत खडे. थाई भाषेत नागाला ‘नाक’ म्हणतात. ऐकून आम्हाला हसू आले, पण शब्द आपल्याकडचाच, पाली-संस्कृतातून तिकडे गेलेला. कल्पनाही इथूनच गेली. अजिंठ्याच्या १९ नंबरच्या लेण्याबाहेर नागराजा आणि त्याची राणी बसलेली आपण पाहतो. हा त्याच कुळातला. बुद्ध ध्यानात असताना पाऊस आला आणि मुचलिंद नागाने आपला फणा छत्रीसारखा धरला, ही कथा तिथे मुलांनाही पाठ असते. शनिवारी जन्मलेल्यांसाठी बुद्धाची हीच मूर्ती ठरलेली आहे.

आणखी एक कथा आम्हाला फार आवडली. एका नागाने माणसाचे रूप घेऊन भिक्खूची दीक्षा घेतली. झोपेत त्याचे खरे रूप उघडे पडले. दीक्षा माणसालाच मिळते, म्हणून त्याला परत जावे लागले. पण निदान माझे नाव तरी राहू द्या, अशी विनंती त्याने केली. म्हणून आजही दीक्षेला निघालेल्या तरुणाला थायलंडमध्ये ‘नाक’ म्हणतात आणि विधीत त्याला विचारतात, ‘तू माणूस आहेस ना?’

रात्रीच्या रेल्वेने आम्ही उत्तरेला नोंग खाय गावी गेलो. समोर मेकाँग नदी, पलीकडे लाओस. नदीकाठी नागांचे मोठे पुतळे आहेत. पावसाळ्यातला बौद्ध वर्षावास संपतो त्या पौर्णिमेच्या रात्री इथे नदीतून लालसर गोळे वर उठतात आणि विझतात. हा नागराजाचा उच्छ्वास, अशी लोकांची श्रद्धा. कोणी म्हणते तळाचा वायू. २००२ साली एका थाई वाहिनीने पलीकडच्या काठावरून झाडलेल्या गोळ्या असल्याचे दाखवले, तेव्हा इथले लोक फार चिडले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पौर्णिमा होऊन गेली होती. नदी शांत होती.

उदोन थानी प्रांतातल्या खाम चानोतला गर्दी त्याहून मोठी. दलदलीत उंच ताडासारख्या झाडांचे एक बेट, त्यावर जायला नागाच्या आकाराच्या कठड्यांचा पूल. केळीच्या पानांचे नाग करून लोक वाहतात, नवस बोलतात आणि बाहेर पडताच लॉटरीची तिकिटे घेतात. सोडत महिन्याच्या १ आणि १६ तारखेला. त्या दिवसांच्या आधी गर्दी वाढते.

हे सारे इसान भागात का, हे आम्ही आपसांत बोलत होतो. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. पावसावरची भातशेती, रेताड जमीन. घरोघरची तरुण मुले बँकॉकला किंवा परदेशी मजुरीला. थाई पंचांगात दरवर्षी किती नाग पाणी देणार, हे सांगतात; एकच नाग असला तर पाऊस भरपूर, सात असले तर कमी, कारण सगळे एकमेकांवर काम ढकलतात! म्हणजे नाग हा मुळात पाण्याचा मालक. पाणी म्हणजे पीक, पीक म्हणजे पैसा. दूर गेलेल्या मुलाच्या गळ्यात आई नागाचे लॉकेट घालते, तेव्हा त्यात गावची नदी, सावकाराचे देणे आणि तिची काळजी, तिन्ही असतात. २०२२ मध्ये सरकारने नागाला देशाच्या पौराणिक प्राण्याचे अधिकृत प्रतीक केले, पण लोकांच्या गळ्यात तो त्याआधीच होता.

बँकॉकमध्ये आम्ही हारून मशिदीजवळ उतरलो होतो. तिथल्या खानावळीच्या आपांना आम्ही या लॉकेटांबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, ‘आमचा भरोसा अल्लाहवर. पण शेजारणीच्या गळ्यात नाग आहे आणि रमजानमध्ये इफ्तारीचे पहिले फळ तीच आणून देते. मी तिला हसत नाही.’

परतीच्या विमानात आम्ही आपल्याच मोहल्ल्याविषयी बोलत राहिलो. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आमच्या वर्गात किती दंडांवर काळे दोरे दिसतात! तान्ह्या बाळाच्या गळ्यात, रिक्षाच्या आरशाला, दुकानाच्या चौकटीला तावीज असतोच. कुरआनच्या आयती लिहिलेल्या तावीजाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यात आम्ही पडत नाही. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. मग भीतीच्या नावावर हजारो रुपये उकळणारे बाबा आपल्या गल्लीत कसे चालतात? थायलंडच्या खड्याला काच म्हणायला आपण चटकन पुढे होतो. घरच्या पुडीत काय आहे, ते उघडून पाहत नाही.

खरे दुखणे दोऱ्याच्या आत असते. तिकडे ते पावसाचे आणि कर्जाचे, इकडे परीक्षेचे, न जमणाऱ्या लग्नाचे, आखातातून न येणाऱ्या फोनचे. ज्या घरात ही काळजी मोकळेपणाने बोलता येते, तिथे बाबाची गरज कमी पडते. म्हणून सुटीनंतर आम्ही चौघांनी एक ठरवले. मुलाच्या दंडावर नवा दोरा दिसला, तर तो काढायला सांगायचे नाही आणि त्यावरून चेष्टाही होऊ द्यायची नाही. मधल्या सुटीत त्याला जवळ बसवून एवढेच विचारायचे, ‘बेटा, झोप नीट लागते ना?’