ऐंशी टक्क्यांची अट

दहावीला किमान 80 टक्के. आमच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर ही अट मीच घातली होती. ट्रस्ट एका कंपनीचा, ऑफिस लोअर परळला. शिक्षणासाठीच्या देणग्यांचं काम माझ्याकडे होतं. कोणत्या शाळेला काय द्यायचं, कुणाचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवायचा, कुणाचा नाही, हे बहुतेक वेळा मीच ठरवत असे. त्यातले बरेच निर्णय चुकले आणि त्यांची झळ परळ-लालबागच्या मुलांना बसली. आज त्याच जागांवर बसलेली नवी माणसं तेच निर्णय घेताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

अट घालताना माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पैसा मोजका, अर्ज ढीगभर. गुणांवर निवड केली तर वशिल्याचा आरोप होणार नाही, एवढाच विचार. यादी लागे, समारंभ होई, पालकांचे डोळे भरून येत, विश्वस्त खूश होत. काही वर्षांनी एका अहवालासाठी जुन्या अर्जांचे गठ्ठे सोडून बसले, तेव्हा आमची बहुतेक मुलं दादर-गिरगावच्या नावाजलेल्या शाळांतली निघाली. क्लास लावलेली, घरात निदान एक जण कॉलेजात गेलेला. त्यांची परिस्थिती बेताची होती हे खरंच. पण आमचा चेक मिळाला नसता तरी ती अकरावीला जाणार होती. काळाचौकी, भोईवाडा, ना. म. जोशी मार्ग इथून आलेले 52, 58, 61 टक्क्यांचे अर्ज छाननीच्या पहिल्याच फेरीत बाजूला पडले होते.

त्यांतला एक अर्ज अजून डोळ्यांपुढे आहे. विद्यार्थी स्वतः काय काम करतो, असा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता. त्या मुलाने समासात पेनाने लिहिलं होतं : ‘मी कुरिअरमध्ये आहे. सकाळी 9 ते 6.’ शाळेच्या नावापुढे रात्रशाळा. गुण 54 टक्के. वर ‘अपात्र’ असा शिक्का आणि शिक्क्याखाली माझी सही. दिवसभर जिने चढून पार्सलं पोचवायची, रात्री बाकावर बसायचं आणि दहावी सुटायची, याला गुणवत्ता म्हणायचं नाही तर कशाला? अर्जावरचा नंबर मी लावून पाहिला. तो बंद झाला होता.

हे आपल्याकडे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात नेमकं हेच मांडलं आहे. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणं तत्त्वतः न्यायाचं दिसतं, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. जिथे शिक्षण अजून पोचलेलंच नाही, त्या वर्गांतल्या मुलांना त्यांतल्या काही द्या, असा त्यांचा आग्रह होता. हे निवेदन मी कॉलेजात वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलेलं होतं. अर्जाचा नमुना छापायला देताना मात्र मी जोतीरावांकडे वळले नाही; दुसऱ्या एका ट्रस्टचा फॉर्म मागवला आणि त्यातली अट जशीच्या तशी उतरवून घेतली.

दुसरी चूक वस्तूंची. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना 27 शालोपयोगी वस्तू मोफत देते. गणवेश, बूट, दप्तर, वह्या, पाण्याची बाटली वगैरे. एका जूनमध्ये आम्ही परळच्या एका पालिका शाळेत दप्तरं वाटली. आमच्या कंपनीचं चिन्ह असलेली, चांगली दणकट. मुलांच्या पाठीवर आधीच पालिकेचं नवं दप्तर होतं. मुख्याध्यापिका बाईंनी हसून स्वागत केलं, मुलांना रांगेत उभं केलं, आभाराचं पत्र दिलं. देणगीदाराला ‘हे नको’ म्हणणं त्यांना कसं परवडेल? तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर एक खासगी अनुदानित मराठी शाळा होती. पालिकेची नसल्याने तिथल्या मुलांना या 27 वस्तू मिळत नव्हत्या. दोन्ही शाळांतली मुलं एकाच चाळीतली. मी एक फोन केला असता तर कळलं असतं.

टॅबचं प्रकरण याहून मोठं. मार्च उजाडला होता आणि रक्कम शिल्लक होती. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायचे असतात, आणि 31 मार्च जवळ आला की सीएसआरच्या प्रत्येक ऑफिसात जी घाई उडते ती आमच्याकडेही उडाली. वस्तू घेणं सगळ्यांत सोपं. बिल मिळतं, फोटो मिळतो, आकडा मिळतो. एका रात्रशाळेला आम्ही टॅब दिले. फीत कापली, बॅनर लावला.

रात्रशाळेला स्वतःची इमारत नसते हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी लक्षात घेतला नव्हता. मुंबईतल्या बहुतेक रात्रशाळा दिवसाच्या शाळेच्या वर्गांत भरतात. बाक दिवसाच्या शाळेचे, फळा त्यांचा, प्रयोगशाळा त्यांची आणि म्हणून संध्याकाळी कुलपात. आमचे टॅबही अशाच एका लोखंडी कपाटात गेले, आणि त्याची किल्ली दिवसाच्या शिपायाबरोबर रोज सहा वाजता डोंबिवलीच्या गाडीत बसायची. पुढच्या वर्षी पाहणीला गेले तेव्हा निम्म्याहून अधिक टॅबवरचं प्लास्टिक तसंच होतं.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापक सरांनी मला तासभर बसवून घेतलं. साडेसहाला मुलं येऊ लागली. कुणी हॉटेलात भांडी घासून, कुणी दादरच्या फुलबाजारात पहाटेपासून राबून. मुली घरकामं उरकून. पहिल्या तासाला मागच्या बाकावरची दोघं झोपली होती आणि सर त्यांना उठवत नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, ती झोपेला नाही, भुकेला आलीत. दुपारी दोनला जेवलीत. साडेनऊला शाळा सुटणार, घरी जाऊन जेवायला साडेदहा. मला टॅब नकोत, रोज संध्याकाळी केळं आणि उसळ द्या. बघा, पटावरची मुलं वर्गात दिसतात की नाही.” उसळीचा खर्च मी नंतर काढला. आमच्या टॅबच्या पैशांत ती काही वर्षं पुरली असती. मुंबईतल्या रात्रशाळांत ‘मासूम’ ही संस्था मुलांना खाणं पुरवते, फिरती प्रयोगशाळा नेते. म्हणजे गरज काय आहे हे शहरातल्या लोकांना ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

परळला शिक्षणासाठी पैसा उभा करण्याची रीत आमच्या ट्रस्टपेक्षा फार जुनी आहे, हेही मी विसरले होते. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 साली अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी आपली पहिली शाळा काढली ती परळला. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालयं चालवली. कामगार पाळी संपवून येणार, म्हणून वर्ग रात्री. शाळेने माणसाच्या वेळेला यायचं, इतका साधा हिशेब त्यांनी केला होता. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, गिरण्या पुढे बंद पडत गेल्या, आणि त्या जमिनींवरच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी त्याच कामगारांच्या नातवंडांसाठी योजना आखत होते. पालकांची सभा ठेवली तीही सकाळी अकराला, आमच्या सोयीने. अकराला आया दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत असतात. सभेला शिक्षक आणि आमचेच कर्मचारी होते.

सगळ्यांत जास्त सलते ती चूक पगाराची. एका छोट्या संस्थेची ताई पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीतल्या वाचता न येणाऱ्या मुलांना रोज दोन तास घ्यायची. जमिनीवर गोल बसवून, गोष्टीची पुस्तकं, अक्षरांची कार्डं. वयाकडे न बघता मूल जिथे अडलं आहे तिथून शिकवायचं, ही पद्धत 1995 मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ने पुढे देशभर नेली. या ताईचं मानधन आमच्या देणगीतून जाई. मी दर वर्षी नवा प्रस्ताव मागत असे, पैसे हप्त्याने देत असे, आणि मागच्या हप्त्याची यूसी, म्हणजे खर्चाचं प्रमाणपत्र, सीएच्या सहीने आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडत नसे. जूनमध्ये शाळा उघडायची, आमचा चेक निघायचा सप्टेंबरात. मधले महिने संस्थेने कसे काढले याची चौकशी मी केली नाही. एका वर्षी यूसीत एक चूक निघाली, कागद परत गेले, दिवाळी आली. ताईने मॉलमधल्या दुकानात नोकरी धरली. तिथे 7 तारखेला पगार होतो. तिच्या वर्गात जोडाक्षरांपर्यंत आलेली मुलं होती. नवी ताई मिळेपर्यंत वर्ष संपलं.

‘पगारावर खर्च नको, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांवर नको’ असं मी संस्थांना कायद्याचा हवाला देऊन सांगत आले होते. पुढे नियम नीट वाचले. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. शिक्षकांचा पगार आणि प्रशिक्षण हा शिक्षण प्रकल्पाचाच खर्च, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 2021 च्या खुलाशात उदाहरणासकट दिलं आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी 3 वर्षं चालणारा प्रकल्प घ्यायलाही कायद्याची आडकाठी नाही. अडचण कायद्यात नव्हती, आमच्या सवयीत होती.

या चुका आमच्यापुरत्या आहेत असं मला वाटत नाही. अमेरिकेत न्यूअर्क नावाच्या गरीब वस्तीच्या शहरातल्या शाळा सुधारायला मार्क झुकरबर्ग यांनी 2010 मध्ये 10 कोटी डॉलर जाहीर केले, तेही ओप्रा विन्फ्रींच्या टीव्ही कार्यक्रमात. ज्यांची मुलं त्या शाळांत होती त्यांना ही बातमी टीव्हीवरून कळली. डेल रुसाकॉफ या पत्रकार बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे; कोट्यवधी डॉलर सल्लागारांवर गेले, पालक चिडले, आणि 2014 मध्ये या बदलांना विरोध करणारा महापौर निवडून आला. इंग्रजीत मुलांची काही प्रगती झाल्याचं पुढे संशोधकांना दिसलं, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याच देशात शंभर वर्षांपूर्वी उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास 5,000 शाळा उभ्या करायला मदत केली, ती कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर बसून आणि गावोगावच्या कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः पैसा, जमीन, श्रम घातल्यावर. रोझेनवाल्डांच्या निधीने जेवढं दिलं जवळपास तेवढंच त्या गरीब लोकांनी दिलं. शाळा कुणाची, हा प्रश्न तिथे पडला नाही.

आपल्याकडेही असं आहे आणि ते माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसण्याइतकं जवळ होतं. लालबाग-परळची गणेश मंडळं वर्गणीतून अभ्यासिका आणि पुस्तक पेढ्या चालवतात. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे टीव्ही, स्वयंपाक, आजारी आजोबा आणि दहावीचं वर्ष एकत्र असतं. मुलाला आधी बसायला जागा लागते, हे मंडळाच्या कार्यकर्त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तो त्याच खोलीत वाढला. एका मंडळाने अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायला एका माणसाचा पगार मागितला होता. मंडळ म्हणजे उत्सव, उत्सव आमच्या धोरणात बसत नाही, असं उत्तर मी पाठवलं होतं. आज ते पत्र मी पाठवलं नसतं.

नंतर मी काही गोष्टी बदलू शकले. गुणांची अट काढून रात्रशाळांसाठी वेगळी शिष्यवृत्ती ठेवली. एका संस्थेला 3 वर्षांचं वचन लेखी दिलं. पण विश्वस्त बदलले, मीही बाहेर पडले, आणि अट पुन्हा आली असं कळलं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी एखाद्या ट्रस्टवर असेल, कंपनीच्या सीएसआर समितीवर असेल, तर विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत उरलेल्या रकमेतून काय घ्यायचं याची चर्चा निघेल. त्याआधी एका संध्याकाळी साडेसहाला परळ, लालबाग, दादर इथल्या कुठल्याही रात्रशाळेत फोटोग्राफर न नेता जा, साडेनऊपर्यंत बसा, आणि सरांना विचारा काय हवं. ते पगार म्हणाले तर पगार द्या, खाणं म्हणाले तर खाणं द्या. चेक जूनच्या आधी काढा आणि पुढच्या 3 वर्षांचं आजच लिहून द्या. आणि अर्जावर विद्यार्थ्याचं काम लिहायला एक रकाना ठेवा.