शांत रस्ता

"काका, तुमच्या जिल्ह्यांत सायकलीनें हिंडण्यासारखे शांत रस्ते कोणते?" असा प्रश्न आमच्या पुतणीनें गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस विचारला, तेव्हां आम्हीं थोडा वेळ सुपारी कातरण्यांत घालविला. कारण, खरें सांगावयाचें तर उत्तर ठाऊक नव्हतें. चाळीस वर्षें आम्ही भंडाऱ्यास राहतों. कचेरीच्या कामानिमित्त तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर अशीं सगळीं ठिकाणें पालथीं घातलीं, पण तीं एस. टी.नें नाहीं तर जीपनें. खिडकींतून पाहिलेला रस्ता दूरच्या नातलगासारखा असतो. नांव ठाऊक असतें, स्वभाव ठाऊक नसतो.

पुतणी आमच्या धाकट्या बंधूंची. जन्म आणि शिक्षण इंग्लंडांत, ग्लॉस्टरशायर परगण्यांत. मराठी शुद्ध, किंचित् पुस्तकी. तिकडे दर रविवारीं ती सायकलीनें खेडोपाडीं जाते. तेथें सायकलस्वारांची मोठी संस्था १८७८ सालापासून आहे. सरकारी नकाशांत प्रत्येक आडवाट, चढ, चर्च आणि पाणवठा दाखविलेला असतो. इतकेंच नव्हे, तर २००० सालच्या वाहतूक कायद्यानें स्थानिक अधिकाऱ्यांस कांहीं वाटा 'शांत वाटा' म्हणून जाहीर करण्याचीही मुभा दिली आहे. शांततेलाही कायद्याचा शिक्का लागतो हें ऐकून घरांतील मंडळींची करमणूक झाली. पुतणी मात्र म्हणाली, "शिक्का आहे म्हणून तर मी एकटी जाऊं शकतें."

हा 'एकटी' शब्द आमच्या मातुश्रींच्या कानांवर पडला आणि प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलें. मातुश्रींचें वय चौऱ्याऐंशी. त्या सायकलीच्या विरुद्ध नाहींत. आमच्या थोरल्या भगिनी नागपुरास कॉलेजांत सायकलीनेंच जात. पण शहरांतील रहदारी निराळी आणि झाडीपट्टींतील ओसाड सडक निराळी, असें त्यांचें म्हणणें. सौ.नीं वाघाचा मुद्दा काढला. पवनीच्या बाजूस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, तेव्हां तो अगदींच अप्रस्तुत नव्हता. मातुश्री म्हणाल्या, "वाघाचें मला भय नाहीं. वाघ काय करील तें ठाऊक असतें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. अखेर ठरलें कीं काकांनीं बरोबर जावें, आणि मुलीस क्षणभरही एकटें सोडणार नाहीं असें वचन द्यावें. आम्हीं तें दिलें. आमचें वय बासष्ट, गुडघे त्याहून थोडे अधिक वयाचे. पण पुतणीसमोर माघार कशी घ्यावी?

पवनी येथून पन्नास किलोमीटरांच्या आंतबाहेर. शेजाऱ्यांच्या दोन सायकली मागून आणल्या आणि पहांटे साडेसहास निघालों. कारध्याच्या पुलावर धुकें इतकें दाट होतें कीं वैनगंगा दिसत नव्हती, तिचा गारवा तेवढा जाणवत होता. हीच नदी २०२० सालच्या ऑगस्टअखेरीस भंडारा शहरांत शिरली होती, हें त्या वेळीं कोणाला खरें वाटलें नसतें. पहेल्यापर्यंत मोठी सडक, मालमोटारींचा धुरळा आणि भोंगे. शांततेचें नांव नको. मग मात्र गांवांस जोडणाऱ्या लहान डांबरी वाटा धरल्या आणि आमच्या चाळीस वर्षांच्या अज्ञानाची लाज वाटूं लागली.

धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्यांतून पुंजणे रचलेले, आणि त्यांच्या मधल्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार. धान उभें असतांनाच ओलींत लाखोळीचें बीं फेकून देतात. नांगरणी नाहीं, पाणी नाहीं, धान निघालें कीं खालून दुसरें पीक डोकें वर काढतें. पुतणी म्हणाली कीं इंग्लंडांतील वाटांना दोहों बाजूंनीं झुडपांचें उंच कुंपण असतें. पुष्कळदां शेत दिसतच नाहीं, नुसती वाट दिसते. येथें उलट. धुरे गुडघाभर उंचीचे. त्यामुळें मैलभर दूर असलेला मनुष्यही आपणांस पाहतो आणि आपण त्याला. प्रत्येक जण हात थांबवून विचारतो, "कोन गांवचे जी?" दहा ठिकाणीं थांबून उत्तर दिलें. 'शांत' या शब्दाचा अर्थ इकडे 'निर्मनुष्य' असा नाहीं, हें तेव्हांच ध्यानांत यावयास हवें होतें.

अड्याळच्या पुढें एका तलावाच्या पाळीवर सायकली टेकल्या. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात तें उगीच नव्हे. यांतले कित्येक तलाव कोहळी समाजाच्या लोकांनीं कांहीं शतकांपूर्वीं बांधले. उताराच्या तोंडावर मातीची पाळ घालावयाची, जास्तीचें पाणी एका अंगानें वाहूं द्यावयाचें, आणि खालच्या बांध्यांस पाळीपाळीनें तें पोंचवावयाचें. काम एवढेंच दिसतें, पण पाणी कोठें थांबेल हें डोळ्यांनीं ओळखणारा मनुष्य त्याला लागतो. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि 'माजी मालगुजारी'चीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. सरकारी कागदांतून इतकें मायेचें नांव क्वचितच निघालें असेल. गाळ मात्र या मामांच्या पोटांत पुष्कळ सांचला आहे.

निघतांना आमचें मागील चाक बसलें. बाभळीचा कांटा. पंप नाहीं, सोल्यूशन नाहीं, मोबाइलास रेंज नाहीं. मागील गांव चार किलोमीटर राहिलें होतें. पुढचें दोन-तीन असावें. चालत जाण्याचा विचार केला, तर गुडघा म्हणाला, नको. पुतणीनें आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "काका, मी जाऊन येतें." आम्हीं नाहीं म्हणावयास तोंड उघडलें, पण तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, केवळ हिशेब होता, आणि हिशेब बरोबर होता. ती गेली. नऊ वाजून पांच मिनिटें झालीं होतीं.

पुढील तासाभरांत आम्हीं तलाव पाहिला नाहीं. पाण्यावर बदकें उतरलीं असतील, ढिवर बांधवांनीं जाळें टाकलें असेल. आम्ही वळणावरच्या पळसाच्या झाडाकडे पाहत होतों. सकाळपासून जी शांतता आम्ही कौतुकानें चाखीत होतों, तीच आतां अंगावर येऊं लागली. एक मोटारसायकल आली. तीवर दोन तरुण. ते आमच्याकडे पाहून पुढें गेले, ज्या दिशेनें मुलगी गेली होती त्याच दिशेनें. त्यांनीं कांहींच केलें नव्हतें. तरीही आम्हीं त्यांच्याविषयीं जें मनांत आणिलें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा. मातुश्रींचें वाक्य आठवलें. बायकांच्या जातीला कोणत्याही ओसाड रस्त्यावर हा हिशेब मनांत चालूं ठेवावा लागतो, आणि बासष्ट वर्षांत तो आम्हांस एकदांही करावा लागला नव्हता.

दहास पांच कमी असतांना वळणावर सायकलींची रांग दिसली. एक नव्हे, पांच. पुढें आमची पुतणी, मागें गणवेशांतील चार मुली. त्यांतील सर्वांत लहानखुऱ्या, नववींतल्या मुलीच्या कॅरिअरला पंप बांधलेला होता. तिनें चाक उलटें करून ट्यूब बाहेर काढली, तलावाच्या पाण्यांत बुडवून बुडबुडे पाहिले, घांसली, ठिगळ लावलें. अवघीं पंधरा मिनिटें. सायकल शाळेंतून 'भेटलेली', पंक्चरविद्या वडील भावाकडून. आम्हीं विचारलें, "एवढा वेळ कां लागला?" उत्तर तिनेंच दिलें, "आमी एकटी नाई जात जी. चौघी झाल्या का निंघतो." ज्या घरीं पंप होता त्या घरची मुलगी तयार होती, पण चौथीची वेणी व्हावयाची होती. त्या वेणीसाठीं सर्व जणी थांबल्या, आणि आमची इंग्लंडची पुतणीही थांबली. पावसाळ्यांत पुढील नाल्यावरून पाणी गेलें कीं ओसरेपर्यंत शाळा बंद. दहावीनंतर काय, तें ठरलेलें नाहीं. यांपैकीं कशाचीही तक्रार त्यांच्या बोलण्यांत नव्हती. पैसे देऊं केले ते घेतले नाहींत. शाळेस उशीर होतो म्हणून निघून गेल्या.

पवनीस दुपारीं पोंचलों. १९६९-७० च्या उत्खननांत जेथें प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले ती जगन्नाथ टेकडी, जुन्या कोटाचा खंदक, वैनगंगेचे घाट, हें सगळें पुतणीस दाखविलें. त्याचें वर्णन पुन्हां केव्हां तरी. परततांना सायकली मालवाहू टेंपोंत टाकल्या. गुडघ्याचें म्हणणें शेवटीं ऐकावेंच लागलें.

मातुश्री ओसरीवर बसून होत्या. "एकटीला सोडलें नाहींस ना?" हा प्रश्न येणार हें ठाऊक होतें, आणि टेंपोंत बसून आम्हीं दोन-तीन गुळगुळीत उत्तरेंही जुळविलीं होतीं. पण पुतणी शेजारीं उभी होती. "तासभर सोडली," असें आम्ही म्हणालों, आणि सर्व हकीकत सांगितली. मातुश्रींनीं ती पुरी ऐकली. वचनाविषयीं त्या अक्षर बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें पुतणीस जवळ बसवून त्यांनीं विचारलें, "चौथीची वेणी कोण घालीत होतें ग?"

"तिची आजी," पुतणी म्हणाली.

पुतणी आतां परत गेली आहे. जातांना तिनें हातानें काढलेला एक नकाशा आमच्या टेबलावर ठेविला. त्यांत तलाव आहेत, पळसाचें वळण आहे, आणि अड्याळपुढील वाटेवर बारीक अक्षरांत लिहिलें आहे: 'सकाळीं पावणेदहा ते सव्वादहा या वेळांत जावें.'