घरचा राखणदार बदलतांना

ज्वारी हुरड्यास आली म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील शेतकरी रात्रीं राखणीस मनुष्य ठेवितो. तो नेमतांना दोन गोष्टी पाहिल्या जातात: तो जागा राहील काय, आणि त्याच्यावर विसंबतां येईल काय. कारण ज्याच्या हातीं राखण, त्याच्या हातीं सारें शेत. आणि कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या संगणकावरील अँटीव्हायरस बदलण्याची वेळ आली, तेव्हां हाच विचार आमच्या मनांत वारंवार येत होता.

एका यंत्रासाठीं एवढा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्राची किंमत त्यांत काय ठेविलें आहे यावर ठरते. १९७२ च्या दुष्काळांत आमचे दिवंगत वडील सरकारी दुष्काळी कामावर हजेरी लिहीत असत. खडी फोडण्यास कोणत्या गांवचीं किती माणसें आलीं, सुकडी कोणास मिळाली व कोण तसेंच परतलें, हें त्यांनीं आपल्या एका खासगी वहींत टिपून ठेविलें आहे. ती वही आतां कसरीनें चाळणी झाली आहे; म्हणून तिच्या पानापानाचें छायाचित्र घेऊन आम्हीं तें संगणकांत ठेविलें. त्याच संगणकावर आमचे विद्यार्थी सरावाच्या प्रश्नपत्रिका घेण्यास आपापले पेनड्राइव्ह लावतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा एखादा व्हायरस त्या वाटेनें शिरला, तर जीं पानें आज हात लावतांच गळून पडतात, त्यांवरील वडिलांचें अक्षर आम्हांस पुन्हां दिसणार नाहीं.

जुन्या अँटीव्हायरसची वर्षाची मुदत संपत आली होती. त्यानें यंत्र मंद केलें होतें, आणि घटकेघटकेस 'आपण धोक्यांत आहां' अशी पाटी दाखवून तो आणखी कांहीं विकत घेण्यास सुचवीत असे. राखणदारानें धन्यासच भय घालून पैसे मागावे, हें आम्हांस रुचलें नाहीं. बाजारांतील एका दुकानदारानें सल्ला दिला, "सर, जुना राहूं द्या, त्याच्या जोडीला नवा टाका, दोन असले तर जास्त चांगलें." ऐकण्यास हें गोड वाटतें, परंतु त्यांतील गोम आमच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कन्येनें समजावून सांगितली. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडण्याच्या क्षणींच ती अडवून तपासतो. दोघे असल्यास एकच फाइल दोघेही धरून बसतात, आणि यंत्र अडखळतें. शिवाय एकाजवळील व्हायरसांच्या खुणांची यादी पाहून दुसऱ्यास तोच चोर वाटूं शकतो.

नवा कोणता घ्यावा, याविषयीं घरांत बराच खल झाला. आमचें मन पुण्याच्या क्विक हीलकडे ओढत होतें. मूळचे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनीं पुण्यांत कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ केला. पुढें दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळूं लागले, तेव्हां धाकटे बंधु संजय यांनीं त्यांवर उपाय लिहिला. आणि त्यांतूनच उभी राहिलेली कंपनी २०१६ सालीं शेअरबाजारांत गेली. ही कथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्यानें ऐकावी अशीच आहे. कन्येचें म्हणणें मात्र असें, कीं अभिमान निराळा आणि गरज निराळी. २०१२ सालीं विंडोज ८ निघालें, तेव्हांपासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा राखणदार निराळे पैसे न घेतां विंडोजबरोबरच येतो. दुसरा कोणी असला म्हणजे तो बाजूस होतो, व दुसरा गेला कीं आपण होऊन कामास लागतो. घरगुती वापरास तो पुरेसा आहे, आणि वांचलेल्या पैशांत वहीची दुसरी प्रत ठेवण्यास एक स्वतंत्र डिस्क येईल. या शेवटच्या मुद्द्यापुढें आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मग क्रमानें काम केलें. प्रथम जुन्याकडूनच शेवटची तपासणी करविली, आणि सर्व फाइली डिस्कवर उतरवून ती यंत्रापासून अलग केली. नंतर जुन्यास सेटिंग्जमधून काढिलें. मागें राहिलेले अवशेष काढण्यास त्याच्याच निर्मात्याचें साधन वापरलें. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. डिफेंडर जागा झाला आहे हें पाहिलें, त्याची यादी अद्ययावत केली, आणि पुन्हां सर्व यंत्र तपासविलें. शेवटीं जुन्या वर्गणीचें आपोआप होणारें नूतनीकरण बंद केलें. नाहीं तर गेलेल्या राखणदाराचा पगार चालूच राहिला असता.

इतकी खबरदारी कां, याचें उत्तर २०२४ सालानें दिलें आहे. अशा रक्षकांस यंत्राच्या अगदीं अंतर्भागापर्यंत जाण्याची मुभा असते. त्या वर्षीं १९ जुलै रोजीं क्राउडस्ट्राइक या रक्षक कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीनें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याच वर्षीं अमेरिकेनें रशियाच्या कॅस्परस्कीवर बंदी घातली. सप्टेंबरांत तेथील अनेक ग्राहक पाहतात तों कॅस्परस्कीच्या जागीं अल्ट्राएव्ही नांवाचा दुसराच राखणदार परस्पर येऊन बसलेला! राखणदार बदलावा तो धन्यानें, जाणून आणि पाहून.

तरी राखणदार ठेविला म्हणजे धन्यानें डाराडूर झोपावें, असें नाहीं. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनें १५० हून अधिक देशांत हाहाकार उडविला. त्याची वाट बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. पालकांस आमची विनंती आहे, कीं विंडोजची व मोबाइलची अशी दुरुस्ती 'नंतर पाहूं' म्हणून पुढें ढकलूं नये; आणि लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडूं नये, मग ती सख्ख्या मामाच्या नांवानें आलेली असो. विद्यार्थ्यांनीं पेनड्राइव्ह उघडण्यापूर्वीं तपासावा, मग तो मित्राचा असो वा आमचा.

वडिलांच्या वहीच्या आतां तीन प्रती झाल्या आहेत: एक कागदी, एक संगणकांत, आणि एक कपाटांतील डिस्कवर. कन्या महिन्यांतून एकदां ती डिस्क काढून नवें कांहीं असेल तें उतरवून घेते. परवां तिनें एक पान मोठें करून आम्हांस दाखविलें. एका बाईच्या नांवापुढें हजेरीची खूण नाहीं, आणि समासांत वडिलांनीं लिहिलें आहे, 'मूल आजारी. उद्यां येईल.' पुढील पानावर तिची खूण आहे.